अडतंय कुठे?

आमच्या घरात संगणकासाठी कोणतीही नवी वस्तू घेण्यापूर्वी मला एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. प्रश्न पत्नीचा आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत त्याचा एक शब्दही बदललेला नाही : "अहो, पण आत्ता अडतंय कुठे?" सुरुवातीला हा प्रश्न म्हणजे खर्चाला घातलेला अडसर आहे असे मी समजत असे आणि त्याला 'नवी पिढी', 'जास्त कोअर', 'पुढची पाच वर्षे बघायला नको' अशी ठरावीक उत्तरे देत असे. ती उत्तरे तिला कधी पटली नाहीत, आणि पुढे पुढे मलाही पटेनाशी झाली.

मी संगणक अभियंता नाही. हिशेबाच्या कामात माझा दिवस जातो. डोंबिवलीत राहतो, पावसाळा सरला की सह्याद्रीतले किल्ले हिंडतो आणि तिथे काढलेली छायाचित्रे घरी आल्यावर रात्री उशिरापर्यंत सुधारत बसतो. संगणकाचे झाकण उघडून आतले भाग बदलण्याचा नाद मात्र जुना आहे. खंडेनवमीला आमच्याकडे इतर हत्यारांबरोबर कॅबिनेटवरही झेंडूचे फूल पडते, आणि दिवाळीच्या साफसफाईत बाकीचे लोक पंखे पुसत असताना मी गॅलरीत बसून ब्रशने हीटसिंकमधली, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली, वर्षभराची धूळ काढत असतो.

माझे पहिले स्वतः जुळवलेले यंत्र २०११ सालचे. तेव्हा अशा खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड गाठायचा असे. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेले की पाच-सात मिनिटांत तो येतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण संगणकाचे भाग घ्यायला भडकमकर मार्गावर जातो असे म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. चार दुकानांत फिरून चार कोटेशने घ्यायची, प्रत्येक दुकानदाराने दुसऱ्याचे कोटेशन बघून कुठल्या तरी एका ओळीत शंभर रुपये कमी करायचे आणि दुसऱ्या ओळीत दीडशे वाढवायचे, हा तिथला रिवाज. मी इंटेलचा कोअर आय५-२४०० प्रोसेसर, त्याला चालणारा एच६१ चिपसेटचा सर्वांत स्वस्त मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), चार जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क घेतली. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, फुकट होता. 'फुकट' हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याची किंमत मोजावी लागली.

खरेदी दसऱ्याला झाली. दिवाळीनंतर आणखी एक हार्ड डिस्क घ्यावी म्हणून त्याच दुकानात गेलो, तर तीच डिस्क जवळजवळ दुप्पट किमतीला. मला वाटले शेठ थट्टा करताहेत. पण त्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये मोठा पूर आला होता, हार्ड डिस्क आणि तिचे सुटे भाग करणारे तिथले कारखाने पाण्याखाली गेले होते आणि जगभर भाव चढले होते. लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरवर आपण ज्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, ते शंभर रुपये असतात खरे; पण मूळ भाव ठरतो तो भलतीकडेच, हे त्या दिवशी कळले.

पाच वर्षे ते यंत्र सुखाने चालले. मग मी नवा कॅमेरा घेतला. त्याची एकेक रॉ, म्हणजे कच्च्या फोटोची, फाइल पंचवीस एमबीच्या आसपास, आणि दोन दिवसांच्या भटकंतीत पाचशे फोटो सहज होतात. फोल्डर उघडले की पूर्वदृश्ये एकेक करून उगवत. चहा करून आणावा, तरी अर्धी राखाडी चौकटीतच. संगणक कमी पडतो आहे हे उघड होते. त्याचे काय कमी पडते आहे, हे मात्र मी पाहिले नाही. फोटो म्हणजे चित्रे, चित्रे म्हणजे ग्राफिक्स, तेव्हा ग्राफिक्स कार्ड घ्यावे, असा निव्वळ नावावरून काढलेला तर्क लढवून मी २०१६ च्या अखेरीस जीटीएक्स १०६० घेऊन आलो. नोकरदार माणसाच्या खिशाला ते कार्ड हलके नव्हते. पत्नीने तिचा प्रश्न विचारला. मी 'फोटो अडतात' असे सांगितले. ते खोटे नव्हते, इतकेच.

कार्डाला सहा पिनांची वेगळी वीजजोडणी लागत होती आणि माझ्या एसएमपीएसला तशी तार नव्हतीच. त्याची सोय म्हणून दुकानदाराने एक अ‍ॅडॉप्टर दिला. जुन्या हार्ड डिस्कला जायच्या त्या चार पिनांच्या दोन जोडण्या एका बाजूला, सहा पिना दुसऱ्या बाजूला. यंत्र सुरू झाले. फोटोंचा वेग तसूभरही बदलला नाही. बदलले ते वेगळेच : सुटीत भाचा राहायला आला, गेम खेळायला बसला, आणि दहाव्या मिनिटाला "मामा, बंद पडला!" अशी हाक आली. कसला निळा पडदा नाही, संदेश नाही. दिवा विझावा तसे यंत्र विझले होते.

त्यानंतरचे दोन महिने मी चुकीच्या दरवाजांवर थापा मारल्या. रॅम काढून लावली, विंडोज नव्याने टाकले, कार्डाचा ड्रायव्हर जुना घातला, नवा घातला. यंत्र एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने अर्धा दिवस ठेवून 'बोर्ड गेला' असा निकाल दिला. शेवटी एका रविवारी एसएमपीएसच्या अंगावरचे लेबल नीट वाचले. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट होते, आणि कार्डाच्या खोक्यावर किमान ४०० वॉट मागितले होते, त्यामुळे तिकडे माझे लक्षच गेले नव्हते. पण मोठ्या अक्षरांखाली बारीक रकाने असतात. हे साडेचारशे वॉट ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा वेगवेगळ्या खात्यांत वाटलेले असतात, आणि आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड आपली वीज जवळजवळ सगळी १२ व्होल्टच्या खात्यातून उचलतात. माझ्या लेबलावर त्या खात्यात १६ अँपियर लिहिले होते. बारा सोळे एकशेब्याण्णव. प्रोसेसरची मर्यादा ९५ वॉटची, कार्डाची १२० वॉटची, बेरीज २१५. जन्मभर ताळेबंद तपासणाऱ्या माणसाने एकूण रक्कम बघून खाती न बघता सही केली होती.

नवा एसएमपीएस घेतला तेव्हा तो हातात धरूनच फरक कळला. जुना डबा त्याच्यापुढे रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा हलका होता. या वस्तूविषयी माझे मत तेव्हापासून पक्के आहे. प्रोसेसर, कार्ड, रॅम यांच्यावर लोक महिनोन्महिने चर्चा करतात आणि ज्याच्यातून या सगळ्यांना अन्न मिळते तो भाग उरलेल्या पैशांत बसवतात. खोक्यावरचा 'ब्राँझ' किंवा 'गोल्ड' हा बिल्लाही पुरा भरवसा देत नाही, कारण भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज कामी येते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढेच तो सांगतो. शॉर्ट सर्किट झाल्यावर हा डबा स्वतः बंद होईल की सोबत बोर्डालाही घेऊन जाईल, हे त्यात येत नाही. ते कळायला त्याची मोडतोड करून घेतलेल्या चाचण्या वाचाव्या लागतात, आणि मी आता त्या वाचतो. २०१७ साली घेतलेल्या त्या ५५० वॉटच्या एसएमपीएसने आजवर दोन मदरबोर्ड पोसले आहेत. जाता जाता यूपीएसचेही हेच : घरगुती यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेले असते, ते ६०० वॉट नव्हेत, बहुतेक वेळा ते ३६० वॉटच असतात.

भाच्याची अडचण मिटली. फोटोंची तशीच. तेव्हा कुठे मी एका रात्री ते करून पाहिले जे सहा महिने आधी करायला हवे होते आणि ज्याला एक पैसाही पडत नाही. फोटोंचे फोल्डर उघडले आणि शेजारी टास्क मॅनेजर, म्हणजे कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणारा विंडोजचा तक्ता, लावून ठेवला. प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर आळसावलेला. नवे कोरे ग्राफिक्स कार्ड झोपलेले. आणि डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के, मिनिटामागून मिनिट, जरा न हलता.

हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडे अधिक लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली येईपर्यंत सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद जातात. सुईला त्या वर्तुळापर्यंत सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे इतस्ततः विखुरलेल्या लहान लहान गोष्टी मागितल्या, तर ती सेकंदाला जेमतेम ऐंशी आणून देऊ शकते. जुन्या सरकारी दफ्तरखान्यातल्या शिपायासारखे हे आहे. एका रॅकवरचे ओळीने शंभर गठ्ठे आणायला सांगितले तर तो झटपट आणतो, पण दर वेळी वेगळ्या रॅकवरची एकेक चिठ्ठी मागितली तर बिचारा दिवसभर चालतच राहतो. साहेबाच्या टेबलावर कितीही हुशार कारकून आणून बसवा, शिपाई एकच आहे तोवर कारकुनांनी वाट बघायची.

२४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क, घ्यायला गेलो, तर दुकानातल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, "साहेब, तुमच्या बोर्डावर अर्धाच स्पीड मिळेल." त्याचे बरोबर होते. एच६१ बोर्डावरचे डिस्क जोडायचे साटा पोर्ट जुन्या, सेकंदाला तीन गिगाबिटच्या वेगाचे, त्यामुळे जी एसएसडी नव्या बोर्डावर सेकंदाला साडेपाचशे एमबी वाचते ती माझ्याकडे २८० च्या पुढे जाणार नव्हती. तरी घेतली, आणि घरी लावल्यावर मिनिटभराहून जास्त वेळ घेणारे विंडोज वीस सेकंदांच्या आत उभे राहिले. फोटोंची पूर्वदृश्ये चहाला उठण्याची सवड देईनाशी झाली. माझी अडचण सेकंदाला किती एमबी ही नव्हतीच, एका हाकेला ओ यायला किती वेळ लागतो ही होती, आणि तिथे बारा मिलिसेकंदांच्या जागी आता मिलिसेकंदाचा लहानसा अंश लागत होता. त्या वर्षी या यंत्रावर केलेल्या खर्चांपैकी हा सर्वांत लहान खर्च होता.

अडण्याचा एक स्वभाव असा, की ते नाहीसे होत नाही, जागा बदलते. डिस्क मोकळी झाल्यावर दोनेक वर्षांत प्रोसेसर अडू लागला; फोटो तयार करून बाहेर काढताना त्याचे चारही कोअर, म्हणजे आत प्रत्यक्ष काम करणारे चार भाग, शंभर टक्क्यांवर जाऊन बसू लागले. या वेळी मात्र मी आकडे पाहून बोललो आणि पत्नीच्या प्रश्नाला पहिल्यांदाच सरळ उत्तर दिले.

प्रोसेसर बदलणे म्हणजे बहुधा बोर्ड आणि रॅमही बदलणे, म्हणजे घराची एक भिंत पाडायला घेऊन सगळा मजला उकलण्यासारखे. माझ्या आय५चे सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, ११५५ पिनांचे. इंटेलने ते दोन पिढ्या चालवले, २०१३ मध्ये ११५० आणले, २०१५ मध्ये ११५१. दर वेळी जुना बोर्ड बाद. उलट इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने आपले एएम४ सॉकेट २०२० पर्यंत चालवण्याचे जाहीर केले होते. मी २०१९ साली तिचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, एक बी४५० बोर्ड आणि सोळा जीबी डीडीआर४ रॅम घेतली ती या हिशेबाने, की पुढच्या खेपेला फक्त प्रोसेसर बदलावा लागावा. मधे २०२० च्या मे महिन्यात एएमडीने सांगून टाकले, की पुढचे रायझन जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, कारण बोर्डांवरची बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची, चिप लहान आहे आणि तिच्यात सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. माझ्यासारख्या हजारोंनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच कंपनीने तो निर्णय फिरवला. ग्राहकाच्या ओरडण्याने काही होते, याचे मला ठाऊक असलेल्या मोजक्या दाखल्यांपैकी हा एक.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. रॅम घेताना मी मुद्दाम थोडे जास्त पैसे मोजून ३२०० च्या वेगाची घेतली होती, कारण रायझनमध्ये प्रोसेसरचे आतले दळणवळण रॅमच्या वेगाशी बांधलेले असते, हे वाचून ठेवले होते. ती रॅम पुढली दोन वर्षे २४०० नेच चालत होती. छापलेला वेग मिळवायचा तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाची ओळ चालू करावी लागते. ती न केल्यास बोर्ड आपला सावध, सर्वमान्य वेग धरून बसतो. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर तो आकडा दोन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होता.

२०२१ हे वर्ष मी नुसते बघत बसून काढले. कोविडमधली टंचाई आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारे आभासी चलनाचे खाणकाम यांनी ग्राफिक्स कार्डांचे भाव दुपटीवर नेले होते. ओळखीतल्या एका मुलाने कर्जाच्या हप्त्यांवर कार्ड घेतलेले पाहिले आणि अडला हरी, गाढवाचे पाय धरी ही म्हण आठवली. पण तो खरोखर अडला होता, त्याचे पोट अ‍ॅनिमेशनवर होते. मी अडलो नव्हतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धतच सोडून दिली आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे जुन्या बाजारात ढिगाने आली. त्यांच्याही मोहात मी पडलो नाही. माझ्या १०६० ने तोवर काही तक्रार केलेली नव्हती, आणि तक्रार नसलेल्या नोकराला कोण काढतो?

प्रोसेसरची पाळी २०२३ च्या दिवाळीत आली. आता मी किल्ल्यांचे मोठे विहंगपट (पॅनोरमा) जोडू लागलो होतो, पंधरा-वीस फोटो शिवून एक. जोडताना प्रोसेसरचे बाराही धागे, म्हणजे एकाच वेळी कामे चालवणाऱ्या त्याच्या बारा वाटा, भरून वाहत. पण त्याच कामाचा एक टप्पा असा होता, की प्रोसेसर आठ टक्क्यांवर थांबे आणि तरीही काम पुढे सरकत नसे. आठ टक्के पाहून कोणीही म्हणेल, प्रोसेसर रिकामा आहे. मीही तसेच म्हटले असते, पण आता भागाकार करायची सवय लागली होती : शंभर भागिले बारा म्हणजे आठ पूर्णांक तीन. म्हणजे एक धागा छातीफुटेस्तोवर पळतो आहे आणि अकरा बांधावर बसून बघताहेत. नुसते कोअर वाढवून हे सुटले नसते, एकेका कोअरचा वेगही वाढायला हवा होता. आठ कोअरच्या रायझन ७ ५७००एक्समध्ये दोन्ही होते, आणि तो माझ्या चार वर्षे जुन्या बोर्डावर चालणार होता. अट एकच, की जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस नवे करून घ्यायचे. ते लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड उठण्याची शाश्वती नाही. यूपीएस असूनही ती पाच मिनिटे मी खुर्चीवर बसलो नव्हतो.

बायोस बिनबोभाट पार पडले आणि मग साधे काम बिघडले. पंखा आणि हीटसिंक काढायचे होते. चारही स्क्रू सैल केले, हीटसिंक सरळ वर ओढला, 'टक्' असा आवाज झाला आणि हीटसिंकला चिकटून प्रोसेसरही बाहेर आला. सॉकेटचा खटका बंद होता. आत धरून ठेवलेल्या पिना त्याच्यासकट उपटून निघाल्या होत्या. दोघांमधली पेस्ट चार वर्षांत वाळून खळीसारखी झाली होती. आधी यंत्र पंधरा मिनिटे कामाला लावून ती पेस्ट कोमट करायची आणि मग हीटसिंक ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवायचा, ही रीत मी दुसऱ्यांना सांगितलेली आहे.

एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ पिना असतात, अगदी बारीक, सोन्याचा मुलामा दिलेल्या. नुसत्या डोळ्यांना त्या सगळ्या ठीकच दिसतात. प्रोसेसर ट्यूबलाइटसमोर धरून डोळ्यांच्या रेषेत आणला आणि अगदी तिरक्या नजरेने पाहिले, तेव्हा बांधावर उभे राहून लावणी झालेल्या शेताकडे पाहावे तशा ओळी दिसू लागल्या, आणि एका कोपऱ्यात तीन रोपे आडवी. तीन पिना. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पोस्टाची तिकिटे बघायचे भिंग काढले. मुलीच्या कंपासपेटीतली ०.५ मिलिमीटरची शिशाची पेन्सिल घेतली, तिच्यातले शिसे काढून टाकले आणि तिचे पोकळ टोक पहिल्या पिनेवर टोपीसारखे चढवले. मग उचलायचे, उचलायचे म्हणजे काय, तर उचलण्याचा नुसता विचार करायचा. एकदम सरळ करायला गेले की पीन तुटते. थोडे सरळ करायचे, काढायचे, पुन्हा तिरके धरून बघायचे. दोन सरळ झाल्या. तिसरी शेजारणीला टेकली होती, तिला आधी कटरच्या पात्याच्या मागच्या बाजूने वेगळे केले. चाळीस मिनिटे गेली. पत्नी फराळाची ताटली ठेवून गेली, तिने या वेळी काही विचारले नाही. शेवटी तो प्रोसेसर सॉकेटवर अलगद ठेवला आणि दाबला नाही. सगळ्या पिना सरळ असतील तर तो आपल्या वजनानेच आत उतरतो. तो उतरला. मग तो पुन्हा काढून बाजूला ठेवला, कारण बसवायचा होता नवा.

तो सरळ केलेला २६०० आज भाच्याच्या यंत्रात चालतो आहे. भाचा आता इंजिनीअरिंगला आहे आणि पिनांची हकिगत त्याला सांगितलेली नाही.

जुने आय५चे यंत्र गावी गेले, संगमेश्वराकडे, अण्णांसाठी. सातबारा बघणे, वर्तमानपत्रे वाचणे, नातवंडांशी पडद्यावर बोलणे एवढेच त्यांचे काम, आणि एसएसडी असल्यामुळे ते त्यांना पुरून उरते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सांभाळ थांबला आणि विंडोज ११ त्या वयाच्या प्रोसेसरला दारात उभे करत नाही, म्हणून मी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. अण्णांना फरक एवढाच जाणवला, की खालच्या कोपऱ्यातले चित्र बदलले.

तिथली खरी अडचण सॉफ्टवेअरची नव्हतीच. यंत्र नेऊन लावले त्याच दिवशी अण्णा अनवाणी कोब्यावर उभे राहून कॅबिनेटला हात लावायला गेले आणि म्हणाले, "ह्याला करंट आहे रे." झिणझिण्या मलाही आल्या. मल्टिमीटर लावला तर कॅबिनेट आणि जमीन यांच्यामध्ये शंभराहून अधिक व्होल्ट. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटपर्यंत. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी वीज मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट दोघांच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर तरंगत राहते. ही वीज सहसा जीवघेणी नसते, बहुधा एक मिलिअँपियरही नसते; पण घराला अर्थिंग नाही ही गोष्ट ती रोज ओरडून सांगत असते. आमच्या घरी तीन पिनांचे सॉकेट होते आणि तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. परसात जांभ्यात खड्डा घेऊन, पाइप पुरून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घेतले. ते मी त्या संगणकाच्या अपग्रेडमध्येच धरतो.

पावसाळ्यात वर्षातून एकदा तरी अण्णांचा फोन येतो, की पडद्यावर काही येत नाही. मग मी फोनवरून त्यांना रॅम काढायला लावतो आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसायला सांगतो. परगावच्या मित्रांना ही दंतकथा वाटते, पण कोकणातल्या दमट हवेत दातांवर आणि स्लॉटमध्ये जो पापुद्रा धरतो त्यावर हा उपाय चालतो. फक्त घासू नये, कारण सोन्याचा तो थर नावापुरताच असतो, आणि खोडरबराचा चुरा फुंकून टाकल्याशिवाय रॅम परत लावू नये. ब्याऐंशी वर्षांचे अण्णा आता हे काम माझ्यापेक्षा सफाईने करतात.

गेल्या दिवाळीनंतर मला रॅम वाढवायची लहर आली होती. आता बत्तीस जीबी आहे, चौसष्ट करावी. भाव पाहिले आणि २०११ ची ती हार्ड डिस्क आठवली. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीच्या चिपा एवढ्या उचलल्या जात आहेत, की काही महिन्यांत घरगुती रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. सराफाकडे विचारावा तसा रोजचा भाव विचारायची पाळी आली. नवे एएम५ सॉकेट घ्यायचे म्हटले तर ते फक्त डीडीआर५ वर चालते, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि ही सोन्याच्या भावाची रॅम असे तिन्ही एकदम. दुकानदाराचे म्हणणे होते, "साहेब, आज घ्या, उद्या आणखी वाढेल." ते खरेही ठरेल. त्या रात्री माझा सर्वांत मोठा विहंगपट जोडायला लावला आणि मेमरीचा आलेख बघत बसलो. एकोणीस जीबीवर चढला, तिथे थोडा रेंगाळला आणि उतरला. पत्नी शेजारी उभी राहून बघत होती. तिने प्रश्न विचारण्याआधीच मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

त्याऐवजी या वर्षी माळा आवरला. वॉरंटीसाठी म्हणून जपलेली चौदा वर्षांची खोकी होती, पैकी वॉरंटी जिवंत असलेली दोन निघाली. बाकीची रद्दीवाल्याला दिली. तळाच्या खोक्यात तो जुना एसएमपीएस होता, आणि त्याच्या तारांत गुंतलेला तो चार पिनांचा अ‍ॅडॉप्टर, अजून नवाकोरा. 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून हात एकदा थांबला. मग पक्कड घेतली, अ‍ॅडॉप्टर मधोमध कापला, एसएमपीएसचीही सगळी तारांची शेपूट तोडून टाकली, कोणी उचलून पुन्हा कशाला जोडू नये म्हणून, आणि दोन्ही ई-कचऱ्याच्या पिशवीत घातले.